खून झालाय... तोही आपल्याच आळीत!

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला तुम्ही काय करत असता? एक डोळा मॉनिटरवर, दुसरा घड्याळावर आणि डोक्यात वीकेंडचे प्लॅन्स... बरोबर ना? आता जरा इमॅजिन करा. त्याच दिवशी सकाळी चहासोबत तुम्ही लोकल पेपर उघडलाय. छोट्या जाहिरातींचं पान. सेकंडहँड स्कूटर, गणिताची शिकवणी, भाड्याने फ्लॅट... आणि या सगळ्याच्या मधोमध एक निवेदन. आज संध्याकाळी साडेसहाला अमक्या बंगल्यात खून होणार आहे, मित्रमंडळींनी हेच आमंत्रण समजावं!

तुम्ही काय कराल? पोलिसांना फोन? छे हो! तुम्ही त्यातल्या त्यात बरा शर्ट घालाल, केसांवरून कंगवा फिरवाल आणि सव्वासहाला त्या बंगल्याच्या फाटकाशी हजर व्हाल. खून वगैरे ठीक आहे, पण 'नेमके आपणच नव्हतो' हे दुःख जन्मभर कोण सांभाळत बसणार?

अगाथा ख्रिस्तीच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' या कादंबरीची ही सुरुवात. १९५० साली आलेली, बाईंचं पन्नासावं पुस्तक म्हणून वाजतगाजत छापलेली. चिपिंग क्लेगहॉर्न नावाचं एक इंग्लिश खेडं. तिथे मिस ब्लॅकलॉक नावाच्या प्रौढ बाईंचा बंगला. जाहिरातीतला बंगला तो हाच आणि खुद्द बाईंना त्यातलं काही माहीत नाही! पण शेजारी येणार हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या मुकाट्याने पाहुणचाराची तयारी करून ठेवतात. आणि शेजारी येतातच. प्रत्येकाकडे काहीतरी लंगडं निमित्त. खरं कारण कुणीच बोलत नाही. खोली गरम करणारी हीटिंग या वर्षी लवकर सुरू केलीत वाटतं, अशा गप्पा चाललेल्या आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळावर.

आता हाच सीन चिपिंग क्लेगहॉर्नमधून उचला आणि आमच्या रत्नागिरीत आणून ठेवा. टिळक आळी घ्या, राम आळी घ्या, नाहीतर नाचणे रोडवरची एखादी नवी कोरी सोसायटी. एक काकू कढीपत्ता मागायला आलेल्या. एक काका 'सहज इकडून चाललो होतो' म्हणतायत, आणि बंगला तर गल्लीच्या टोकाला, पुढे रस्ताच नाही! तिसरी 'अगो, तुझ्याकडे आज लाइट आहे का, विचारायला आले' म्हणत थेट माजघरात. मला तर हे वाचताना इंग्लंड दिसतच नाही. मला आमच्या पाखाडीवरून पदर सावरत उतरणाऱ्या चार बायका दिसतात.

हाच तर या पुस्तकांचा खरा फंडा!

टाइमपास म्हणजे काय रे भाऊ?

रहस्यकथा वाचतोय म्हटलं की समोरचा विचारतो, 'टाइमपास का?' त्या विचारण्यात थोडी कीव असते. ट्रेकिंगला चाललोय म्हटलं तर कुणी 'पायपीट का?' असं विचारत नाही. पण चारशे पानांत आठ माणसांचं खोटं बोलणं ध्यानात ठेवायचं, कुणी कुठली खिडकी उघडी होती म्हणाला हे लक्षात ठेवायचं आणि शेवटी लेखिकेच्या आधी उत्तर काढायचा प्रयत्न करायचा, याला मात्र टाइमपास म्हणायचं. असो.

खुनाच्या कादंबऱ्यांच्या दोन मोठ्या जाती आहेत. एकीत गुन्हेगार बाहेरून येतो. गँग असते, स्मगलर असतो, रिव्हॉल्व्हर असतं, पाठलाग असतो. दुसरीत गुन्हेगार आधीपासूनच खोलीत बसलेला असतो आणि मागून कपभर चहा पीत असतो. शेजारपाजारातला खून ही दुसऱ्या जातीची गोष्ट. इथे कुणी हेलिकॉप्टरमधून उतरत नाही. संशयित म्हणजे पाद्रीबुवा, रिटायर्ड कर्नल, दोन बागकामवेड्या मैत्रिणी, लेखक व्हायला निघालेला एक मुलगा आणि त्याची आई. तुम्ही त्यांना ओळखता. तुमच्याही बिल्डिंगमध्ये ते राहतात, फक्त मजला वेगळा.

मजा येते ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे चौकशी करायचा परवाना मिळतो. खऱ्या आयुष्यात समोरच्या फ्लॅटमध्ये कोण कधी आलं, दूध किती लिटर घेतात, काकांनी कार का विकली, असले प्रश्न विचारले की आपण भोचक ठरतो. कादंबरीत हेच प्रश्न विचारले की आपण डिटेक्टिव्ह! ख्रिस्तीची मिस मार्पल ही तर भोचकपणाची शिखर परिषदच. विणकाम करत बसलेली म्हातारी. तिची सगळी पद्धत एका वाक्यात सांगता येते: माणसं सगळीकडे सारखीच असतात आणि तिच्या गावात अगदी असाच एक नग होता. १९३०च्या 'मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज' या कादंबरीपासून ती हेच करत आली. आपल्याकडे अशा आज्या प्रत्येक आळीत दोन-दोन सापडतील, फक्त त्यांच्यावर कुणी कादंबऱ्या लिहिल्या नाहीत.

दुसरं म्हणजे हा खेळ नियमांनी चालतो. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले. हे गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू, आणि फावल्या वेळात खुनाच्या गोष्टी लिहायचे! गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच दिसला पाहिजे. भुताखेतांची मदत घ्यायची नाही. डिटेक्टिव्हला सापडलेला पुरावा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. थोडक्यात काय, चीटिंग नाही. त्यातला एक नियम मात्र आज वाचताना दचकायला होतं. गोष्टीत चिनी माणूस आणायचा नाही, असा तो नियम. वर्णद्वेष वाटतो ना? पण रोख बराचसा उलटा होता. त्या काळच्या स्वस्त थ्रिलर्समध्ये काहीही झालं की त्यामागे कुणीतरी गूढ चिनी इसम निघायचा. लेखकाचं डोकं चाललं नाही की परक्या माणसाच्या गळ्यात गुन्हा अडकवून मोकळं व्हायचं, ही सवय मोडायला हा नियम आला.

हा मुद्दा लक्षात ठेवा, बॉस. पुढे लागणार आहे.

झुंजार, काळापहाड आणि कंपनी

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी साहेबांची कौतुकं झाली, मराठीचं काय? तर मराठीत खून काही कमी पडलेले नाहीत! बाबूराव अर्नाळकर या एकट्या माणसाने हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते गेले, पण झुंजार आणि विजया, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांची मंडळी आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. तुमच्या आजोबांना सहज विचारून बघा. 'झुंजार' एवढंच म्हणा आणि बाजूला व्हा. पुढचा अर्धा तास ते बोलतील. कॉलेजच्या वहीत लपवून वाचल्याचे आणि पकडले गेल्याचे किस्से सुरू होतील.

त्यानंतर गुरुनाथ नाईक आले. गोव्याचा माणूस, बाराशेच्या घरात कादंबऱ्या, २०२१ साली निधन. आणि आमच्या आई-बाबांच्या पिढीचे लाडके सुहास शिरवळकर. 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये सिनेमा आला आणि आपल्या पिढीला ते माहीत झाले. पण त्याआधी बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद अशी त्यांची सगळी फौज लायब्रऱ्यांमधून हातोहात फिरत होती.

आमच्या रत्नागिरीला वाचनाचं वेड जुनंच. इथलं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे म्हटलं की पुण्यामुंबईचे मित्र जरा गप्प होतात. पण वाचनालयात जाऊन ज्ञानाची पुस्तकं आणायची आणि कोपऱ्यावरच्या छोट्या लायब्ररीतून, पेपरात गुंडाळून, रहस्यकथा आणायची, ही वाटणी बहुतेक घरांत होती. आमच्याही घरी होती. आई अजून सांगते, एका रात्रीचं भाडं द्यायचं आणि चार बहिणींनी आळीपाळीने पहाटेपर्यंत पुस्तक संपवायचं. चौथीला शेवटची पानं वाचायला मिळाली नाहीत तर त्या दिवशी घरातच खून पडायची वेळ!

पण एक गंमत बघा. अर्नाळकरांचा नायक साहसी आहे. तो मुंबईच्या गल्ल्यांतून धावतो, वेषांतर करतो, अट्टल बदमाशांशी दोन हात करतो. म्हणजे ही बहुतेक पहिल्या जातीची गोष्ट. शेजारच्या कुलकर्ण्यांनी समोरच्या साव्यांना आमटीतून विष घातलं, अशी गोष्ट मराठीत त्या मानाने कमी. आपल्याला शेजाऱ्यात खुनी बघायला आवडत नाही की काय? की शेजाऱ्यावर लिहिलं तर तो ओळखेल आणि दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील, ही भीती?

इंग्रजीत लिहिणाऱ्या मुंबईच्या कल्पना स्वामिनाथन यांनी मात्र हे धाडस केलंय. त्या स्वतः सर्जन. त्यांची लल्ली ही साठी ओलांडलेली रिटायर्ड पोलीसवाली, आणि राहते कुठे? आपल्या पार्ल्यात! 'द पेज थ्री मर्डर्स' २००६ मध्ये आलं. पुढे 'द गार्डनर्स साँग'मध्ये तर खून थेट राहत्या बिल्डिंगमध्येच होतो. जिना, गच्ची, बंद दारं, शेजारणींचे टोमणे... मिस मार्पलला साडी नेसवायची गरज नाही, ती आपल्याकडे ऑलरेडी आहे.

टीव्हीवर कोकणाला हा मान मिळाला तो २०१६ मध्ये, 'रात्रीस खेळ चाले'मुळे. वाडा आकेरीचा, म्हणजे सिंधुदुर्गातला, पण रत्नागिरीतही रात्री साडेदहाला रस्ते ओस. अण्णा गेले आणि सगळं घर एकमेकांकडे संशयाने बघू लागलं. लोक म्हणाले, भुतांमुळे चालली. मला विचाराल तर भुतं निमित्ताला होती. चालली ती वाटणीमुळे!

डिटेक्टिव्ह कशाला, तलाठी पुरे

सिरियसली सांगते, खुनाच्या कादंबरीला कोकणाइतकी फिट जागा शोधून सापडायची नाही. कादंबरीत सगळ्यात अवघड असतं ते कारण. कुणी कुणाला का मारावं? इथे कारणांची कमी नाही. गडगा दीड फूट सरकला. सामायिक विहिरीवर पंप बसवला. आजोबांच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आणि त्यातली सहा बोरिवलीला. कलम माझ्या हद्दीत आणि फांदी तुझ्या. कारण शोधायला डिटेक्टिव्ह कशाला हवा, तलाठी पुरे!

आणि सेटिंग? बंद घरं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, उलट कमी झाली. सुमारे सतरा लाखांवरून सव्वासोळा लाखांच्याही खाली. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. याचा अर्थ 'व्वा, किती पुढारलेला जिल्हा' एवढाच नाही. पुरुष मुंबईला, बायका आणि म्हातारी माणसं घरी, असाही तो अर्थ आहे. गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारी, बाकी वर्षभर कुलूप लावलेली चिरेबंदी घरं. किल्ली शेजाऱ्याकडे. म्हणजे शेजाऱ्यावर विश्वास आहे म्हणून नाही, दुसरा इलाज नाही म्हणून.

दुसऱ्या बाजूला शहर मात्र फुगतंय. कुवारबाव, नाचणे, शिवाजीनगर, जिकडे बघाल तिकडे चार मजली बिल्डिंगी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, एमआयडीसी आहे, कॉलेजं आहेत, बँका आहेत. बदली होऊन आलेले साहेब, नर्सिंगला आलेल्या मुली, बंदरावर काम करणारे, आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी. आळीत तीन पिढ्यांची कुंडली पाठ असायची. फ्लॅटमध्ये दारावरच्या पाटीवर जे आडनाव असेल तेवढीच माहिती. तीही भाडेकरूच्या आधीच्या भाडेकरूची!

गंमत म्हणजे ख्रिस्तीच्या कादंबरीतही नेमका हाच पेच आहे. दुसरं महायुद्ध संपलंय. गावात नवी माणसं आलीत. कर्नल ईस्टरब्रुक तर आपल्या हिंदुस्थानातूनच परतलेला. मिस मार्पल पोलीस इन्स्पेक्टरला समजावते की पूर्वी गावात कुणी राहायला आलं तर कुणाचं तरी ओळखीचं पत्र घेऊन यायचं. आता लोक येतात, आपण कोण ते आपणच सांगतात आणि बाकीचे ते खरं मानतात. सगळी कादंबरी या एका गोष्टीवर उभी आहे. शेजाऱ्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं किती आपण पाहिलंय आणि किती त्याने सांगितलंय? तुमच्या शेजारच्या फ्लॅटसाठी करून बघा हा हिशोब. मी केला. तीन वर्षांच्या शेजारात मी स्वतः पाहिलेल्या गोष्टी भरल्या पाच.

एका पेटीची गोष्ट

पण कादंबरी मिटली की खरी आळी सुरू होते. तिथे मिस मार्पल नसते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या सोसायटीत जिन्याखाली ठेवलेली हापूसची पेटी गेली. पाच डझनी. सीझनच्या सुरुवातीची, म्हणजे भाव विचारूच नका. पुण्याच्या कुणा पाहुण्यांना जायची होती. सकाळी सव्वानऊला ग्रुपवर मेसेज पडला. नऊ पंचविसाला निकाल लागला होता. दहा मिनिटं! शेरलॉक होम्सलासुद्धा पाइप ओढायला याहून जास्त वेळ लागायचा.

निकाल काय, ते तुम्ही ओळखलंच असेल. वॉचमन. नेपाळी. बायको तीन घरची भांडी करते, म्हणजे तिला सगळ्यांच्या घरातलं माहीत. झालं, पुरावा पूर्ण. तो आदल्या रात्री कुठे होता, जिन्याचं दार कोण उघडं टाकतं, त्या दिवशी पाण्याचा टँकरवाला, कुरिअरवाला, दुसऱ्या मजल्यावरचे लग्नाचे पाहुणे असे किती जण येऊन गेले, हे कुणी विचारलं नाही. आईने एकच प्रश्न टाइप केला होता. पेटी शेवटची कुणी आणि किती वाजता पाहिली? त्यावर एक अंगठा आला आणि खाली गुड मॉर्निंगचं फूल.

पोलिसात कुणी गेलं नाही. 'कशाला उगाच' म्हणाले. त्याला कुणी चोर म्हणालंही नाही. फक्त त्याच्याकडे किल्ल्या ठेवणं बंद झालं आणि बायकोची दोन कामं सुटली. पावसाळ्याच्या आधी तो निघून गेला. पेटीचं काय झालं ते आजही कुणाला ठाऊक नाही. आणि ग्रुपवर त्याचं खरं नाव विचारलं असतं तर तेही कुणाला सांगता आलं नसतं. सगळे त्याला 'गुरखा'च म्हणायचे.

ही पेटी होती, म्हणून ठीक. मे २००८ मध्ये नोएडाच्या एका मध्यमवर्गीय कॉलनीत अजून चौदा वर्षांचीही न झालेली आरुषी तलवार तिच्या खोलीत मृत सापडली. घरातला नेपाळी नोकर हेमराज गायब होता. मग काय, खुनी तोच! पोलीस, चॅनेल्स, शेजारी, सगळ्यांचं एकमत. त्याचा शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचा मृतदेह मिळाला. ज्याला सगळा देश खुनी समजत होता, तो वर मरून पडला होता आणि गच्चीचं दार कुणी उघडून बघितलं नव्हतं. पुढे संशय आई-वडिलांवर गेला, २०१३ मध्ये त्यांना शिक्षा झाली, २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या दोघांना कुणी मारलं, याचं उत्तर आजही नाही. चॅनेलांनी मात्र रोज रात्री नऊ वाजता उत्तर दिलं, आणि रोज वेगळं.

आठवला तो नॉक्सचा नियम? डोकं चाललं नाही की परक्याच्या गळ्यात गुन्हा अडकवायचा. वाईट लेखकाला ही सवय असते तेव्हा पुस्तक फसतं. कॉलनीला असते तेव्हा माणूस फसतो.

संशय सगळ्यांवर, सारखाच!

म्हणूनच मला ही 'टाइमपास' पुस्तकं वाटतात त्याहून मोठी वाटतात. मिस ब्लॅकलॉकच्या बंगल्यात साडेसहाला काय होतं, एवढं सांगते. यापुढे एक अक्षर सांगणार नाही, प्रॉमिस. दिवे जातात. दार उघडतं. टॉर्च घेतलेला एक माणूस सगळ्यांना हात वर करायला सांगतो. गोळ्या सुटतात. दिवे येतात तेव्हा तोच माणूस मरून पडलेला असतो. चौकशीअंती कळतं की तो एका हॉटेलात काम करणारा स्विस तरुण. गावाचा जीव भांड्यात पडतो. बाहेरचा आला, बाहेरचा मेला, आपलं काही नाही! फाइल बंद करायला सगळे तयार. तिथून पुढची सगळी कादंबरी म्हणजे एका म्हातारीचं हळू आवाजातलं 'थांबा जरा'.

त्याच बंगल्यात मित्झी नावाची स्वयंपाकीण आहे. युरोपातून जीव वाचवून आलेली निर्वासित. आरडाओरडा करते, थापा मारते, कुणाचा तिच्यावर विश्वास नाही. केक मात्र असा करते की घरात त्याला गमतीने 'मरणाचा छान' अशा अर्थाचं नाव पडलंय! वाचताना आपणही तिच्यावर वैतागतो. पण लेखिका तिला सोडून देत नाही आणि ठोकतही नाही. कर्नलला जितके प्रश्न, तितकेच मित्झीला. पाद्रीबुवांच्या बायकोचं खोटं तपासायचं तर स्वयंपाकिणीचं खरंही ऐकायचं. चांगल्या रहस्यकथेत संशय सगळ्यांना सारखा वाटलेला असतो. खऱ्या आळीत तो उताराने वाहतो. भाडेकरूकडे, एकटीने राहणाऱ्या बाईकडे, कामवालीकडे, परप्रांतीयाकडे.

खरं तर रत्नागिरीला बाहेरचा माणूस नवा नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच कैदेत राहिला आणि त्याच्यासाठी १९१०मध्ये बांधलेला राजवाडा आज आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. राजा असला की बाहेरचाही 'आपला' होतो. वॉचमनला ती सोय नाही.

मग या वीकेंडला काय?

'अ मर्डर इज अनाउन्स्ड'पासून सुरुवात करायला हरकत नाही. इंग्रजी साधी आहे, डिक्शनरी लागत नाही. आपल्या मातीतलं हवं असेल तर लल्लीला भेटा. मराठीच वाचायचं असेल तर अशोक जैन यांनी केलेला सत्यजित राय यांचा फेलूदा आहे, रोहन प्रकाशनाचा. खून कमी, डोकेबाजपणा भरपूर, ऑफिसला जाता-येता एक गोष्ट आरामात संपते. आणि घरातल्या माळ्यावर एखादा झुंजार धूळ खात पडलेला असला तर त्याला खाली काढा. आजोबांना वाचून दाखवा, ते तुम्हाला शेवट आधीच सांगून टाकतील, तेवढी तयारी ठेवा.

पुस्तक कुठलंही घ्या, एक खेळ मात्र जरूर खेळा. शेवटची पंचवीस पानं उरली की थांबा. मोबाइल बाजूला ठेवा, कागद घ्या आणि त्यावर खुन्याचं नाव लिहा. मग त्याच्यापुढे लिहा, हेच नाव का लिहिलं. पुरावा होता म्हणून, की तो माणूस आपल्याला पहिल्यापासूनच आवडला नव्हता म्हणून?

उत्तर प्रामाणिक असू द्या. कागद फाडून टाकायची परवानगी आहे.